चष्मेवाल्याचा बेटावरचा भाऊबंद

शेवगा फुलला की चिमणीपेक्षा बारकी, हिरवट-पिवळी पाखरं थव्यानं येतात, बघितलीत ना? डोळ्याभोवती पांढरं कडं असतं, म्हणून नाव चष्मेवाला. राधानगरीच्या जंगलात असतो, आपल्या परसातही येतो. लांबी जेमतेम चार इंच.

याचा एक भाऊबंद हिंदी महासागरात मॉरिशस बेटावर राहतो. मॉरिशस आपल्याला अगदीच परकं नाही हं. इंग्रजांच्या काळात ऊसमळ्यांत मजुरीला कोकणातली मराठी माणसं तिकडं गेली. त्यांच्या वंशजांच्या घरी आजही गणपती बसतो.

त्याच उसासाठी तिथलं जंगल तुटलं. पण या पाखराचा मोठा वैरी वेगळाच. हे बेट ज्वालामुखीतून समुद्रात वर आलेलं, कुठल्याच देशाला कधी न जोडलेलं. वटवाघळं सोडली तर जमिनीवर अंगावर केस असलेलं जनावरच नव्हतं. उंदीर आले ते जहाजांतून, माकडंही माणसानंच आणली. कणगीत उंदीर शिरला की काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगणार! तिथं तो झाडावर सरसर चढतो आणि घरट्यातली अंडी-पिल्लं खातो. आपला चष्मेवाला साप, कावळे, उंदीर यांच्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढला. बेटावरच्याला ही सवयच नव्हती. 2001 च्या सुमारास त्याच्या दीडशेही जोड्या उरल्या नव्हत्या.

मग मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनच्या लोकांनी काय केलं? किनाऱ्याजवळ इल ओ एग्रेट नावाचं 26 हेक्टरचं, म्हणजे साधारण 65 एकरांचं बेट आहे. तिथले उंदीर आधीच संपवले होते. जंगलातल्या घरट्यांतली अंडी-पिल्लं उंदरांच्या आधी यांनीच काढली, पिल्लांना हातानं भरवून वाढवलं आणि 2006 पासून त्या बेटावर सोडायला सुरुवात केली. नऊ-दहा ग्रॅमचं पाखरू ते, पिल्लू केवढं असेल, विचार करा! आपल्याकडं बाळंतिणीचंही एवढं होत नाही कधीकधी. बेटावर त्यांच्यासाठी फळं आणि गोड रस ठेवतात. तिथं त्यांनी स्वतः घरटी बांधली, पिल्लं काढली.

राखण मात्र संपलेली नाही. सामानाच्या नावेतून एक गाभण उंदरीण उतरली, की सगळं मुसळ केरात.