चाळणीत राहिलेला गहू

यवतमाळ जिल्हा कापसाचा, जुनं जेवण ज्वारीचं. तरी रब्बीत गहू पेरला जातोच, आणि पंगत म्हटली की रोडगे हवेतच. रोडग्याची कणीक जाडसर दळलेली, कोंड्यासकट. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला रोडगा फोडला की आत कोंड्याचे तांबूस कण दिसतात. पोळीच्या वेळी मात्र आपण बारीक चाळणी घेतो आणि तोच कोंडा गाईपुढे टाकतो. गाईचं भलं होतं!

गव्हाच्या दाण्यात बाहेर कोंडा, टोकाशी इवलासा अंकुर आणि बाकी चार-पंचमांशांहून जास्त पिठूळ गर. मैदा म्हणजे जवळजवळ निव्वळ गर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनही नाहीत. लोह ४ मिलिग्रॅमवरून २ च्या खाली येतं. प्रथिनं मात्र दोन्हींत साधारण १० ग्रॅमच. तेव्हा ‘मैद्यात काहीच नसतं’ हेही खरं नव्हे.

कोंड्याची एक खोड आहे. त्यातलं फायटिक आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवतं, सगळं अंगी लागू देत नाही. गहू भिजवून मोड आणले की हे आम्ल कमी होतं. वरणावर लिंबू पिळलं तरी लोह अधिक शोषलं जातं.

अंकुरात तेल असल्याने कोंड्या-अंकुरासकटची कणीक मैद्याहून लवकर खवट होते. म्हणून दळण थोडंथोडं आणा, आणि चाळायचंच असेल तर जाड चाळणी घ्या.