लेक कोंडाची सैनिक घराणी

घराण्याचा इतिहास शोधून तो ग्रंथरूपाने जपण्याची परंपरा मराठी समाजाला कुलवृत्तान्तांमुळे परिचित आहे. मूळ पुरुष, मूळ गाव, वतन, विवाहसंबंध आणि पुढे फुटलेल्या शाखा यांची साखळी जुळवताना तेथे सनदा, वंशावळी आणि देवस्थानच्या नोंदी कामी येतात. ऑस्ट्रेलियातही असंख्य कुटुंबे आपल्या पूर्वजांचा असाच शोध घेत असतात. मात्र तेथे या शोधाचा एक मोठा आधार लष्करी सेवेच्या कागदपत्रांत सापडतो. याचे कारण पहिल्या महायुद्धाच्या आकड्यांत आहे. १९१४ साली या देशाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आत होती. त्यांतून चार लाखांहून अधिक पुरुष सैन्यात भरती झाले, सव्वातीन लाखांहून अधिक जण समुद्रापार लढले आणि साठ हजारांवर परत आले नाहीत. सक्तीची भरती करावी की नाही, यावर १९१६ आणि १९१७ मध्ये घेतलेल्या दोन्ही सार्वमतांत जनतेने नकार दिल्यामुळे परदेशी गेलेला प्रत्येक सैनिक स्वेच्छेने गेलेला होता, आणि अशा सैनिकाचे घर देशात असंख्य ठिकाणी होते.

या सैनिकांच्या सेवानोंदी कॅनबेरा येथील राष्ट्रीय अभिलेखागाराने जतन केल्या असून, पहिल्या महायुद्धाच्या फायली कोणालाही संगणकावर पाहता येतात. फायलीतील पहिला कागद म्हणजे भरतीपत्र. त्यात जन्मस्थान, वय, व्यवसाय, धर्म, आधीची लष्करी सेवा आणि निकटच्या आप्ताचे नाव व पत्ता लिहिलेला असतो, तर वैद्यकीय तपासणीच्या रकान्यांत उंची, वजन, छातीचा घेर, डोळ्यांचा व केसांचा रंग आणि अंगकांती यांची नोंद असते. त्यापुढच्या कागदांवरून तो सैनिक कोणत्या तारखेला कोणत्या पलटणीत गेला, कोठे जखमी झाला, कोणत्या इस्पितळात राहिला, शिस्तभंगाबद्दल त्याचा किती पगार कापला गेला, हे क्रमाने कळत जाते. अभ्यासकाला येथे काही सावधगिरी बाळगावी लागते. एकवीस वर्षांखालील मुलाला पालकांची संमती आवश्यक असल्यामुळे वय वाढवून सांगण्याचे प्रकार सर्रास घडत, म्हणून भरतीपत्रातील वय जन्मनोंदीशी ताडून पाहावे लागते. पहिल्या महायुद्धात एकच सैनिक क्रमांक वेगवेगळ्या पलटणींतील अनेकांना दिला गेल्यामुळे केवळ क्रमांकावरून माणूस निश्चित करता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात मात्र क्रमांकाआधी राज्याचे अक्षर जोडण्यात आले आणि परदेशी सेवेसाठी स्थापन झालेल्या स्वयंसेवक दलातील सैनिकाच्या क्रमांकात एक्स हे अक्षरही आले. त्यामुळे ‘व्हीएक्स’ या अक्षरांवरून तो व्हिक्टोरिया राज्यात या दलात दाखल झाला होता, हे लगेच ओळखता येते.

युद्धात कामी आलेल्यांच्या बाबतीत आणखी दोन साधने उपलब्ध आहेत. मृताच्या कुटुंबाकडे सरकारने एक छापील पत्रक पाठवले होते, ज्यात त्याचे शिक्षण, व्यवसाय, तो कोणत्या गावाचा मानला जावा आणि सैन्यात त्याचे कोणी नातेवाईक होते काय, असे प्रश्न विचारलेले होते. एका सैनिकावरून त्याच्या भावाकडे, मामाकडे किंवा चुलत्याकडे जाण्याची वाट या पत्रकातून सापडते. दुसरे साधन रेड क्रॉस संस्थेच्या चौकशी विभागाच्या फायली हे होय. बेपत्ता अथवा मृत सैनिकाविषयी त्याच्या सोबत्यांनी दिलेले जबाब त्यांत असल्यामुळे शेवटच्या क्षणांची माहिती अनेक घरांना प्रथम तेथूनच मिळाली.

अशी साधने हाताशी असली, तरी एकट्या सैनिकाची फाइल फार थोडे सांगते. तिचा अर्थ उलगडतो तो एकाच घराण्याच्या दोन-तीन पिढ्यांच्या फायली शेजारी शेजारी ठेवल्यावर आणि त्या काळचे कायदे व जमिनीचे निर्णय त्यांच्या बाजूला मांडल्यावर. व्हिक्टोरिया राज्याच्या नैर्ऋत्येस राहणाऱ्या गुंडिचमारा या आदिवासी समाजातील सॉन्डर्स आणि लव्हेट या दोन घराण्यांचा इतिहास याचे फार बोलके उदाहरण आहे. गुंडिचमारांचा प्रदेश बज बिम या प्राचीन ज्वालामुखीच्या लाव्हाने घडलेला असून, त्या काळ्या दगडांतून कालवे व बांध रचून ईल हा सापासारखा लांबट मासा पकडण्याची व राखून ठेवण्याची त्यांची व्यवस्था सहा हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. १८४०च्या दशकात युरोपीय मेंढपाळांनी ही भूमी व्यापली, तेव्हा गुंडिचमारांनी तिच्यासाठी सशस्त्र झुंज दिली आणि तो संघर्ष युमेरेला युद्ध या नावाने ओळखला जातो. त्या लढ्यात पराभूत झालेल्यांपैकी उरलेल्यांना वसवण्यासाठी १८६७ मध्ये लेक कोंडा येथे चर्च ऑफ इंग्लंडची मिशन वसाहत उभी राहिली. पुढे १८८६च्या कायद्याने मिश्र वंशाच्या, चौतीस वर्षांखालील आदिवासींना अशा वसाहतींतून बाहेर काढले, आणि एकाच घरातील माणसे कायद्याच्या दृष्टीने दोन वर्गांत विभागली गेली.

ज्या रक्ताच्या हिशेबाने घरे फोडली, तोच हिशेब सैन्यभरतीच्या वेळी उलट्या दिशेने मांडला गेला. १९०९ साली दुरुस्त झालेल्या संरक्षण कायद्याने मुख्यत्वे युरोपीय वंशाच्या नसलेल्यांना सक्तीच्या लष्करी सेवेतून वगळले होते आणि युद्ध सुरू झाल्यावर अशा माणसांना स्वयंसेवक म्हणूनही घेऊ नये, अशी भरती अधिकाऱ्यांची धारणा होती. १९१७ मध्ये हानी वाढली, पहिले सार्वमत फसले, स्वयंसेवक मिळेनासे झाले, तेव्हा आई किंवा वडील यांपैकी एक जण युरोपीय वंशाचा असल्याची डॉक्टरची खात्री पटल्यास मिश्र वंशाच्या माणसाला घेण्याची मुभा लष्करी आदेशाने देण्यात आली. भरतीपत्रात वंशाचा रकानाच नव्हता. अंगकांतीच्या रकान्यात ‘सावळा’ अशा अर्थाचा एखादा शब्द लिहून डॉक्टर मोकळा होत असे. म्हणूनच आदिवासी सैनिकांची एकूण संख्या आजही अंदाजानेच सांगावी लागते, आणि पहिल्या महायुद्धात ती हजाराच्या घरात होती असे मानले जाते. ही संख्या थोडी थोडी स्पष्ट होत गेली, त्याचे बरेच श्रेय जन्मस्थान, आडनाव आणि नातीगोती जुळवून एकेक फाइल ओळखणाऱ्या कुटुंबीयांकडे व स्थानिक अभ्यासकांकडे जाते.

सॉन्डर्स घराण्याच्या पहिल्या सैनिक पिढीत दोन नावे येतात. ख्रिस सॉन्डर्स यांनी पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात सेवा केली, आणि त्यांचे आप्त विल्यम रेजिनाल्ड रॉलिंग्ज हे २९व्या पलटणीतून फ्रान्समध्ये लढले. जुलै १९१८च्या अखेरीस मोरलांकूर येथे शत्रूचा खंदक मोकळा करताना हातबॉम्ब फेकणाऱ्या तुकडीच्या पुढे संगीन घेऊन चालण्याचे, म्हणजे सर्वांत आधी मृत्यूसमोर जाण्याचे काम रॉलिंग्ज यांनी केले आणि त्याबद्दल त्यांना मिलिटरी मेडल हे शौर्यपदक मिळाले. त्यानंतर दोन आठवडेही उलटले नाहीत, तोच ९ ऑगस्ट १९१८ रोजी ते धारातीर्थी पडले. त्यांची कबर फ्रान्समधील हार्बोनिएर येथे आहे.

दोन वर्षांनी, ऑगस्ट १९२० मध्ये, फ्रॅमलिंगहॅमच्या आदिवासी वसाहतीत ख्रिस यांना मुलगा झाला आणि त्याला रॉलिंग्ज या हुतात्मा आप्ताचे रेजिनाल्ड हे नाव देण्यात आले. आई लवकर वारल्यामुळे रेजिनाल्ड, म्हणजेच रेज, आणि धाकटा हॅरी हे लेक कोंडा येथे आजीच्या छायेत वाढले. १९४० साली आदिवासींची भरती आवश्यक नाही आणि इष्टही नाही, असे लष्करी धोरण असतानाही रेज त्याच वर्षी एप्रिलमध्ये भरती झाले आणि २/७व्या पलटणीत दाखल झाले. क्रीट बेटावर मे १९४१ मध्ये जर्मन सैन्याविरुद्ध झालेल्या लढाईत माघारीच्या वेळी ही पलटण मागे राहिली. बहुतेक जण कैद झाले, परंतु रेज यांनी शरणागती न पत्करता स्थानिक ग्रीक कुटुंबांच्या आश्रयाने सुमारे एक वर्ष लपून काढले आणि मे १९४२ मध्ये ते निसटले. हॅरी हे २/१४व्या पलटणीतून लढत होते. जपानी सैन्याला रोखण्यासाठी न्यू गिनीत झालेल्या मोहिमेत गोना येथे नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यांना वीरमरण आले. भावाच्या मृत्यूनंतर रेज हेही न्यू गिनीत लढले, आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये अधिकारीपद मिळवणारे ते पहिले ऑस्ट्रेलियन आदिवासी सैनिक ठरले. ज्यांना सैन्यात घेऊच नये असे ठरले होते, त्यांच्यातला एक तरुण आता गोऱ्या सैनिकांना हुकूम देत होता.

तरीही युद्ध संपल्यावर जपानमध्ये जाणाऱ्या राष्ट्रकुलाच्या सेनादलात आदिवासी सैनिकांना स्थान नव्हते, आणि लेफ्टनंट सॉन्डर्स यांना मोलमजुरीच्या कामांवर परतावे लागले. कोरियाचे युद्ध सुरू झाल्यावर ते पुन्हा सैन्यात गेले. एप्रिल १९५१ मध्ये कापयोंग येथे चिनी फौजांचा मोठा हल्ला परतवणाऱ्या तिसऱ्या ऑस्ट्रेलियन पलटणीत कॅप्टन सॉन्डर्स एका कंपनीचे नेतृत्व करत होते. या पलटणीचा समावेश असलेल्या राष्ट्रकुल ब्रिगेडमधील जखमींची शुश्रूषा लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या भारतीय ६०व्या पॅराशूट वैद्यकीय पथकाकडे होती; या घराण्याच्या कथेचा भारताशी येणारा प्रत्यक्ष संबंध एवढाच, पण तो नोंद घेण्याजोगा आहे.

लेक कोंडाच्याच लव्हेट घराण्याची सेवा संख्येनेही थक्क करणारी आहे. आल्फ्रेड, लिओनार्ड, एडवर्ड, फ्रेडरिक आणि हर्बर्ट हे पाच सख्खे भाऊ पहिल्या महायुद्धात लढले. आल्फ्रेड यांनी १९१६ मध्ये पोझिएरचा भीषण संग्राम पाहिला, तर फ्रेडरिक हे लाइट हॉर्स, म्हणजे घोड्यावरून जाऊन पायउतार होऊन लढणाऱ्या दलातून पॅलेस्टाइनमध्ये लढले. पाचही भाऊ जिवंत परतले. दुसऱ्या महायुद्धात त्यांपैकी चौघे, उतारवय असूनही, देशांतर्गत सेवेसाठी पुन्हा दाखल झाले आणि सर्वांत धाकटा सॅम्युअल हाही त्यांच्यासोबत गेला. गणवेशातील आल्फ्रेड, त्यांची पत्नी आणि मुले यांचे छायाचित्र ऑस्ट्रेलियन युद्धस्मारकाच्या संग्रहात आहे. पुढच्या पिढ्यांनीही ही परंपरा चालवली, आणि कॅनबेरातील ज्या उंच इमारतीत माजी सैनिक कल्याण विभागाचे कार्यालय होते, तिला २००० साली लव्हेट टॉवर असे नाव देण्यात आले.

या दोन्ही घराण्यांच्या सेवानोंदींशेजारी जमिनीची नोंद ठेवली की चित्र पूर्ण होते. परतलेल्या सैनिकांना शेतीसाठी सोप्या हप्त्यांवर जमीन देण्याची सैनिक वसाहत योजना दोन्ही महायुद्धांनंतर राबवली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर लेक कोंडाच्या बंद पडलेल्या मिशन वसाहतीची जमीनच या योजनेखाली तुकडे पाडून वाटण्यात आली; ती गोऱ्या सैनिकांना मिळाली आणि लव्हेट बंधूंचे अर्ज नामंजूर झाले. ज्या भूमीसाठी त्यांचे पूर्वज लढले, ज्या भूमीवर ते स्वतः जन्मले आणि जिच्या रक्षणासाठी म्हणून ते दोन युद्धांत गेले, तीच भूमी त्यांच्या डोळ्यांदेखत इतरांच्या नावे झाली. अर्ज नाकारणारा कागद आणि पदक देणारा कागद एकाच शासनाचे होते, हे सत्य कोणत्याही एका फायलीत लिहिलेले नाही. ते घराण्याचा सलग इतिहास लिहिल्यावरच वाचता येते.

हक्क हळूहळू आणि तुकड्यातुकड्यांनी आले. राज्यात मतदानाचा हक्क असलेल्या किंवा सैन्यात सेवा केलेल्या आदिवासींना संघराज्याच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार १९४९च्या कायद्याने मिळाला, सर्व आदिवासींना तो १९६२ मध्ये लाभला, आणि १९६७च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी आदिवासींना वगळणाऱ्या घटनात्मक तरतुदी काढून टाकण्याच्या बाजूने कौल दिला. रेज सॉन्डर्स यांनी पुढे आदिवासी कल्याणाच्या सरकारी विभागात काम केले आणि १९९० मध्ये त्यांचे निधन झाले.

घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही देशाचा असो, या उदाहरणातून एक शिस्त घेण्यासारखी आहे. पूर्वजांची पदके व पदव्या नोंदवून थांबू नये. त्यांना काय नाकारले गेले, तेही तितक्याच काटेकोरपणे नोंदवावे, कारण त्यागाचे खरे मोल त्या दोन्ही नोंदी एकत्र वाचल्यावरच कळते. लेक कोंडा आणि फ्रॅमलिंगहॅम येथील जमिनींचा काही भाग ऑस्ट्रेलियाच्या संसदेने १९८७ मध्ये खास कायदा करून आदिवासींना परत केला, २००७ मध्ये न्यायालयाने गुंडिचमारांचे या प्रदेशावरील पारंपरिक हक्क मान्य केले, आणि २०१९ मध्ये बज बिमचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. पहिल्या महायुद्धात लढलेल्या पाच लव्हेट भावांपैकी मात्र यातले काहीही पाहण्यास कोणी उरले नव्हते.