मिरजेचं मिशन हॉस्पिटल : दवाखाना उभा कशावर राहतो?

(बोईसर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय कळल्यावर एक शंका येणं साहजिक आहे. बोईसरला बसून मिरजेची गोष्ट कशाला? मिशनचे दवाखाने आपल्याकडेही झालेच की. शंका रास्त आहे. अमेरिकेतल्या ब्रेदरन चर्चचं मिशन वलसाडपासून डहाणूपर्यंत काम करत होतं, आणि डहाणूचा मिशन दवाखाना आपल्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. वसईत कार्डिनल ग्रेशिअस रुग्णालय आहे. पण असा दवाखाना उभा कसा राहतो, चालतो कशावर आणि अडतो कुठे, हे सगळं एकाच जागी बघायचं तर मिरजेसारखं उदाहरण नाही. म्हणून आज आपण आधी तिकडे जाऊ आणि शेवटी बोईसरला परत येऊ.

गोष्ट सुरू होते १८८९ च्या अखेरीस. विल्यम जेम्स वॉनलेस नावाचा चोवीस वर्षांचा कॅनेडियन डॉक्टर, न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीचं शिक्षण पुरं करून, पत्नी मेरी हिच्यासह भारतात आला. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने त्याला पाठवलं होतं. या मिशनचं काम कोल्हापुरात आधीपासून चालू होतं, म्हणजे त्यांना हा मुलुख नवा नव्हता. वॉनलेसने आधी सांगलीत छोटा दवाखाना काढला आणि मग तो मिरजेला आला.

मिरजच का? नकाशा बघितला की उत्तर मिळतं. त्याच सुमारास पुण्याहून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे मिरजेवरून गेली, आणि १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा तिथून निघाला. मिरज जंक्शन झालं. कर्नाटकातला, कोकणाकडचा, देशावरचा रुग्ण तिथे पोचू शकत होता. जागा दिली मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी. इमारतीसाठी मोठी देणगी आली फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांच्याकडून. गंमत बघा, हे गृहस्थ आगगाडीची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्याचे मालक! १८९४ साली हॉस्पिटल सुरू झालं.

आता जरा त्या काळातल्या वैद्यकाकडे बघू. क्लोरोफॉर्म १८४७ पासून वापरात होतं. जखम जंतूंमुळे चिघळते, म्हणून हात, हत्यारं, पट्ट्या शुद्ध ठेवायच्या, हे लिस्टरने १८६७ मध्ये मांडलं होतं. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर शस्त्रक्रियेतून माणूस जिवंत परत येण्याची शक्यता खूप वाढली. पण हे ज्ञान मुंबईसारख्या शहरात होतं. खेड्यातला माणूस मोतीबिंदूने आंधळा झाला की ओसरीवर बसून राहायचा. अशा माणसाला गावकऱ्यांनी बैलगाडीतून नेलं आणि काही दिवसांनी तो स्वतःच्या पायांनी, वाट बघत परत आला, तर त्या गावात वेगळी जाहिरात करायची गरज उरते का? वॉनलेसचं नाव असंच पसरलं.

पण नाव झालं की गर्दी होते, आणि गर्दी झाली की दोन अडचणी येतात. पैसा आणि माणसं. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे.

पैशाचं गणित वॉनलेसने असं बसवलं. गरिबाला मोफत किंवा अगदी थोडक्यात. ज्याची ऐपत आहे, त्याच्याकडून नीट फी. संस्थानिक, सावकार, व्यापारी असे रुग्ण त्याच्याकडे यायचेच. त्यांची फी डॉक्टरच्या खिशात जात नव्हती, कारण त्याला मिशनकडून ठरलेला पगार होता. ती जायची हॉस्पिटलच्या खात्यात. त्यामुळे नव्या इमारतींना देणगी लागली तरी रोजचा खर्च बराचसा तिथल्या तिथे निघू लागला.

माणसांचं गणित जास्त अवघड होतं. ग्रँट मेडिकल कॉलेज मुंबईत १८४५ पासून होतं, पण तिथून शिकलेला डॉक्टर मिरजेत मदतनीस म्हणून का येईल? मग वॉनलेसने १८९७ मध्ये हॉस्पिटललाच जोडून वैद्यकीय शाळा काढली आणि मोजकी मुलं घेऊन शिकवायला सुरुवात केली. परिचारिकांचं शिक्षणही सुरू झालं. इथे शिकलेली मंडळी पुढे दुसऱ्या प्रांतांतल्या मिशन दवाखान्यांतही कामाला गेली. सोबत बाकीचं काम वाढत होतंच. १९०० च्या सुमारास कुष्ठरोग्यांसाठी वेगळी सोय झाली, १९२० मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. त्या वस्तीला आजही वॉनलेसवाडी म्हणतात. कोल्हापुरात मेरी वॉनलेस हॉस्पिटल झालं. १९२८ मध्ये वॉनलेस निवृत्त झाला, त्याच वर्षी त्याला ‘सर’ किताब मिळाला. १९३३ मध्ये तो अमेरिकेत वारला.

एक प्रश्न टाळून चालणार नाही. हे सगळं धर्मांतरासाठी होतं का? धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता आणि प्रार्थना, उपदेश हा दवाखान्याच्या दिनक्रमाचा भाग होता. ते लपवण्याचं कारण नाही. पण आलेल्या रुग्णांपैकी बहुसंख्य लोक बरे होऊन आपापल्या देवाकडे परत गेले, हेही तितकंच खरं. आणि जातीपातीने बांधलेल्या त्या समाजात एकाच डॉक्टरचा हात सगळ्यांना लागत होता, ही गोष्ट आपण लहान समजू नये.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९६२ मध्ये मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं आणि सुरुवातीच्या काळात विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष शिक्षणासाठी वॉनलेस हॉस्पिटलचाच आधार मिळाला. नवं कॉलेज रिकाम्या माळावर उभं राहिलं नाही. त्यामागे पासष्ट वर्षांची शिकवण्याची सवय होती. पुढे परदेशी डॉक्टर परत गेले, बाहेरचा पैसा आटला, गावात खाजगी हॉस्पिटलं वाढली. पैसे देणारा रुग्ण तिकडे वळला. आता विचार करा, श्रीमंताच्या फीवर गरिबाचा उपचार चालत होता. श्रीमंत गेला आणि गरीब तेवढा राहिला, तर जमाखर्च जुळणार कसा? गेल्या काही वर्षांत हे हॉस्पिटल मोठ्या आर्थिक अडचणीत सापडलं, त्याचं एक मोठं कारण इथे आहे.

मग सगळं संपलं का? नाही. आज सांगली, कोल्हापूरपासून उत्तर कर्नाटकापर्यंतचे लोक उपचाराला मिरजेलाच येतात. मूळ संस्था थकली तरी गावात डॉक्टरकी रुजली, कारण तिथे माणसं तयार झाली होती.

आता बोईसरला येऊ. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. एमआयडीसीत देशभरातून आलेले कामगार आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला आपला जिल्हा वेगळा झाला. तरीही रुग्ण गंभीर झाला की आपण काय म्हणतो? सिल्वासाला न्या, वलसाडला न्या, नाहीतर मुंबई गाठा. जव्हार-मोखाड्याच्या बाळंतिणीला तर तेवढाही वेळ मिळत नाही. रेल्वे आपल्याकडे आहे, उद्योगही आहेत. मिरजेला १८९४ मध्ये जे नव्हतं, ते पुष्कळ आपल्यापाशी आहे.

हॉस्पिटल बांधायचं म्हटलं की आपली चर्चा खाटांच्या संख्येवर आणि यंत्रांवर होते. मिरजेचा इतिहास आपल्याला आणखी दोन प्रश्न विचारायला लावतो. पैसे देऊ शकणारा रुग्ण इथेच थांबेल आणि त्याच्या पैशातून गरिबाचा उपचार होईल, अशी व्यवस्था आपण लावणार आहोत का? आणि विक्रमगड, तलासरी, जव्हारच्या किती मुली-मुलांना आपण परिचारिका, तंत्रज्ञ, डॉक्टर म्हणून इथेच शिकवणार आहोत? बाहेरून आलेला डॉक्टर बदली मागतो, त्यात त्याचा दोषही नसतो. गावातली मुलगी शिकली तर तिला वारलीत बोलणाऱ्या आजीचं दुखणं दुभाष्याशिवाय कळेल.

पुढच्या वेळी एखाद्या नव्या रुग्णालयाची घोषणा ऐकाल, तेव्हा हे दोन प्रश्न जरूर विचारा. आता तुमचे प्रश्न घेऊ.