थिबा राजाची कबर रत्नागिरीतच का राहिली?

रत्नागिरीला गेलेले लोक थिबा पॅलेस हमखास बघतात. शिवाजीनगरातल्या थिबाच्या कबरीकडे मात्र फार कमी जण वळतात.

१८८५ च्या युद्धात इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला आणि थिबा राजाला कैद करून पुढे इथे आणलं. तीस वर्षं नजरकैदेत काढून डिसेंबर १९१६ मध्ये तो गेला. राणी सुपयालतला त्याचा देह मायदेशी न्यायचा होता. पण तिकडे कबर बांधली तर तिच्याभोवती लोक गोळा होतील, उठाव होईल, ही इंग्रजांना धास्ती! या ओढाताणीत शवपेटी दोन वर्षांहून जास्त काळ दफनाविना राहिली. अखेर १९१९ मध्ये सरकारने रत्नागिरीतच दफन उरकलं, धाकट्या राणीसोबत. सुपयालत त्याच वर्षी रंगूनला परतली, नवऱ्याला इथेच ठेवून.

त्याच रंगूनमध्ये आपल्या बहादूरशाह जफरची कबर आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन खास रत्नागिरीला येऊन थिबाच्या कबरीचं दर्शन घेऊन गेले.