प्रोसेसरचा वेळ जातो कुठं?

धुळ्याचे एक आडतदार फोनवर थेट मुद्द्यालाच हात घालतात, “भाऊ, बिलच निंघी नही राह्यनं!” त्यांचा हिशेब ज्या सर्व्हरवर चालतो, तो मी जळगावातून सांभाळतो. सर्व्हर कसला, डेटा सेंटरमधल्या एका मोठ्या यंत्राचा भाड्याने घेतलेला हिस्सा. यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका यंत्रावर अशी अनेक मशीनं नांदतात आणि प्रत्येकाला प्रोसेसर आपल्या एकट्याचाच वाटतो.

प्रत्यक्षात हायपरव्हायझर नावाचा प्रोग्रॅम पाळीपाळीने वेळ वाटतो. काम तयार आहे, पण पाळी नाही, असा वेळ फुकट जातो. लिनक्समध्ये ‘टॉप’ ही आज्ञा दिली की प्रोसेसरच्या ओळीत शेवटी ‘एसटी’ दिसतं. तो या गेलेल्या वेळाचा टक्का.

हा वेळ ज्याचा जातो त्याला तो आपणहून कळत नाही. थांबवून ठेवलेल्या मशीनला मधले क्षण दिसणार कसे? धुळ्याच्या पांझरा नदीवरच्या, सामाईक सिंचनाच्या जुन्या फड पद्धतीत पाटाचं पाणी वर कुठं अडलं, हे खालच्या शेतकऱ्याला बांधावरून दिसत नाही. ते पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला ठाऊक. इथंही सांगावं लागतं वाटणाऱ्यानेच. लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायझरमध्ये भाड्याचं मशीन आपल्या मेमरीतली एक जागा नेमून देतं आणि मूळ यंत्र तिथं ताटकळण्यात गेलेला वेळ नॅनोसेकंदांत लिहीत राहतं. ही सोय 2011 मध्ये, लिनक्सच्या 3.1 या आवृत्तीत आली. त्याआधी तो वेळ त्या क्षणी चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या नावावर पडायचा. चूक एकाची, बोल दुसऱ्याला!

‘एसटी’ शून्य दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. काही हायपरव्हायझर ही नोंद आत देतच नाहीत. आणि आकडा वाढला की दोष त्याच यंत्रावरच्या शेजारी मशीनचाच, असंही नाही. काही स्वस्त प्लॅनमध्ये प्रोसेसरचा कोटा ठरलेला असतो. तो संपला की आपलंच मशीन अडवलं जातं आणि तेही इथंच दिसतं.

आडतदारांचं बिल अडलं तेव्हा सेवा देणाऱ्या कंपनीचं उत्तर एकच, मोठा प्लॅन घ्या. मी मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलं. असं केल्यावर ते बहुधा दुसऱ्या यंत्रावर जातं. नुसतं आतून रीबूट करून जागा बदलत नाही. ‘एसटी’चा आकडा उतरला, बिलं निघाली.

म्हणून मोठ्या प्लॅनचे पैसे भरण्याआधी ऐन गर्दीच्या वेळी ‘व्हीएमस्टॅट 5’ ही आज्ञा चालवा, ‘एसटी’चा रकाना टिपून ठेवा आणि कंपनीशी बोलताना तोच समोर ठेवा.