अष्टमीची भरती आणि कास्त्रोचं होकायंत्र

पणजीहून शिडाच्या छोट्या होडीनं निघावं, दिवस मावळायच्या आत रोज एखाद्या खाडीत नांगर टाकावा आणि असं करत वसई गाठावी, हा बेत माझ्या डोक्यात अनेक वर्षं आहे. त्यासाठी जे जे वाचलं त्यात एक पोर्तुगीज पुस्तक मला सोडत नाही. गोव्यापासून दीवपर्यंतच्या किनाऱ्याचं हे मार्गवर्णन जुआंव द कास्त्रो यानं 1538-39 मध्ये लिहिलं. ते तीनशे वर्षं हस्तलिखितातच राहिलं. 1843 मध्ये दिओगु कोप्के यानं ते पोर्तोला छापलं.

आपल्याला कास्त्रो ठाऊक असतो तो दीवच्या दुसऱ्या वेढ्यापुरता. 1546 मध्ये ढासळलेला किल्ला पुन्हा बांधायला पैसे हवे होते, तेव्हा त्यानं आपल्या दाढीचे केस गोव्याच्या नागरिकांकडे तारण पाठवले, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मला त्याच्या आठ वर्षं आधीचा कास्त्रो जास्त मोलाचा वाटतो. तो गणिती पेद्रु नुनिशचा मित्र. 1538 मध्ये नवा व्हाइसरॉय गार्सिया द नोरोन्या याच्याबरोबर तो हिंदुस्थानात आला. दीवला पहिला वेढा पडलेला होता, पण नोरोन्यानं गोव्यात इतका वेळ काढला की आरमार उत्तरेकडे निघेपर्यंत वेढा उठलाही होता. लढाईची घाई उरली नव्हती, आणि कास्त्रोनं वाटेतली बंदरं मापून काढली. पाण्याची खोली, तळाशी वाळू की चिखल, अक्षांश, भरतीची वेळ, आत शिरताना कोणती टेकडी कुठे दिसली पाहिजे, हे सगळं त्यानं लिहिलं आणि सोबत बंदरांची चित्रं काढली.

हे ज्ञान आक्रमकाचं आहे, हे विसरून चालणार नाही. ज्या दाभोळचं तो वर्णन करतो ते तीसच वर्षांपूर्वी, 1508 च्या अखेरीस, पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदानं जाळून-लुटून उद्ध्वस्त केलं होतं. तरीही खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला काय दिसतं आणि काय कळायला हवं, याची इतकी काळजी घेणारा लेखक या किनाऱ्याला क्वचित मिळाला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या जेम्स हॉर्सबर्गनं लिहिलेली जाडजूड मार्गदर्शिका मोठ्या जहाजांसाठी होती. मोठं जहाज किनाऱ्यापासून लांब राहतं. छोट्या होडीला मात्र प्रत्येक खाडीशी रोजचा व्यवहार करावा लागतो.

हा व्यवहार ठरतो वाऱ्यावर. गोवा ते मुंबई हे समुद्रातलं अंतर साधारण सव्वादोनशे सागरी मैल. मुंबईहून गोव्याला जाणं सोपं, कारण पावसाळा सोडला तर दुपारनंतर वायव्येचा वारा पाठीशी असतो. उत्तरेकडे येताना तोच वारा तोंडावर येतो. मग शीड या अंगाचं त्या अंगाला करत नागमोडी चालावं लागतं आणि अंतर जवळजवळ दीडपट होतं. यावरचा उतारा आपल्या शिडाच्या गलबतांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होता. तो म्हणजे मतलई. रात्री जमीन थंड झाली की किनाऱ्याकडून समुद्राकडे सुटणारा हा वारा सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो आणि उत्तरेकडे जाणाऱ्या होडीला कुशीवर मिळतो. तेव्हा पहाटे निघायचं, मतलईवर जमेल तेवढं अंतर कापायचं, मधली निवांत वेळ सोसायची आणि दुपारचा वारा उठला की त्याच्यावर तिरकं चालत पुढच्या खाडीत शिरायचं. मतलई खरी जोमात असते डिसेंबर ते फेब्रुवारी. नोव्हेंबरात निघण्याची घाई मी करणार नाही. 11 नोव्हेंबर 2009 ला आलेलं फयान चक्रीवादळ कोकणातले मच्छीमार अजून विसरलेले नाहीत.

आता तारीख कोणती धरायची? इथं पंचांग उघडावं लागतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोळ्यांचा हिशेब. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री अकरा-बाराच्या सुमारास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. हिशेब मुंबईच्या पाण्याचा आहे, दक्षिणेला भरती थोडी आधी येते, पण बेत करायला तो पुरतो.

उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत खाली असतं ते पहाटे आणि संध्याकाळी, नेमकं आपल्याला खाडीतून निघायचं आणि खाडीत शिरायचं असतं तेव्हा. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडावर वाळूची पट्टी आहे. ओहोटीच्या तळाला तिच्यावर होडी टेकते, आणि बाहेर पडणारं पाणी आत येणाऱ्या वाऱ्याशी भिडलं की तिथंच लाटा फुटतात. अष्टमीच्या आसपास हेच गणित उलट होतं. पहाटे सहाला भरती पूर्ण, ओहोटी सुरू होताच पाणी आपल्याला बाहेर ढकलतं आणि मतलईही त्याच दिशेची. संध्याकाळी पाणी आणि वारा दोन्ही आत येत असतात, त्यामुळे तोंडावरचा समुद्र शांत राहतो. शिवाय भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी, ओढ कमी. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरांहून जास्त चढतं-उतरतं, मार्मागोव्याला दोनेक मीटर. जसजसं उत्तरेकडे जावं तसतसं भांगाचं मोल वाढत जातं.

अडचण अशी की अष्टमीची ही सवलत तीन-चार दिवसांचीच, कारण भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. म्हणून अख्खा प्रवास एका दमात बसवू नये. दोन अष्टम्यांमध्ये वाटून घ्यावा. मधलं उधाण विजयदुर्गात किंवा जयगडात काढावं. तिथं खोल पाणी आहे, कोणत्याही वेळी आत-बाहेर करता येतं. मालवणला मात्र सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांमधली वाट माहितगार सोबत असल्याशिवाय धरू नये. वेंगुर्ल्याच्या खडकांना पोर्तुगीज ‘जळकी बेटं’ म्हणत आणि इंग्रजांनीही तेच नाव चालवलं. त्यांना बाहेरून लांबचा वळसा घालावा.

जयगडच्या पुढे समुद्राचा चेहरा बदलतो. तिथं मोठी मालवाहू जहाजं येतात, आणि त्यांचा माल घेऊन बार्जेस धरमतरकडे ये-जा करतात, किनाऱ्याला समांतर, आपल्याच वाटेवरून. रात्री ट्रॉलर्स. अलिबागपासून पुढे डोल जाळ्यांचे खांब. हे खांब आणि तरंगत्या जाळ्यांचे बोये अंधारात दिसत नाहीत आणि कुठल्याही नकाशावर सापडत नाहीत. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलआलेखन कार्यालयाचे नकाशे उत्तम आहेत, पण डोलीचा खांब या हंगामात कुठे ठोकला ते फक्त तिथल्या तांडेलाला माहीत असतं. म्हणून मी या टप्प्यात रात्रीचा प्रवास बेतातच ठेवणार नाही, आणि दर मुक्कामी पुढच्या गावची जाळी कुठे आहेत हे विचारून घेईन.

खांदेरीच्या पुढे मुंबई बंदराचा जलमार्ग आडवा येतो. 7 ऑगस्ट 2010 ला याच मार्गावर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली, कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरलं आणि बंदर काही दिवस बंद पडलं. आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहे. अरुंद जलमार्गात वीस मीटरांहून लहान होडीनं किंवा शिडाच्या नावेनं मोठ्या जहाजाची वाट अडवू नये. ‘शिडाच्या होडीला यंत्राच्या नावेनं वाट द्यायची’ हा आपल्या मनातला हक्क इथं चालत नाही. जहाज वळूच शकत नाही. मार्ग भर दिवसा, काटकोनात, सर्वांत कमी वेळात ओलांडावा आणि प्राँग्ज दीपस्तंभाच्या खडकाबाहेरून पश्चिमेला निघावं. भांगाच्या पाण्यात ओढ कमी असल्यामुळे होडी बाजूला वाहत जात नाही. अष्टमी इथं पुन्हा उपयोगी पडते.

आणि मग वसईचं पाणी, जिथं कास्त्रोनं त्याच्या काळातल्या दर्यावर्दी विद्वानांना खोटं ठरवलं. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून थोडी ढळते हे तेव्हा माहीत होतं. अनेकांचा समज असा की अझोर बेटांजवळ हा ढळ शून्य असतो आणि पूर्वेकडे जाताना तो नियमानं वाढतो, म्हणजे सुई पाहून रेखांश सांगता येईल. समुद्रावर रेखांश काढण्याची दुसरी सोय नसल्यानं या समजुतीवर सगळ्यांची मोठी आशा होती. कास्त्रोनं नुनिशनं बनवलेल्या छायायंत्रानं सूर्याच्या सावलीवरून ढळ मोजला, पुन्हा पुन्हा, बंदरामागून बंदरात. 1538 ते 1541 या काळातल्या त्याच्या 43 नोंदी मिळतात. नियम कुठेच लागेना. वसईजवळ तर थोड्याशा अंतरात आकडे इतके बदलले की याला पाण्याखालचे खडक कारण असावेत, असं त्यानं मांडलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्ताव हेलमननं या नोंदींचं महत्त्व ओळखलं.

कास्त्रोला दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या मॅग्नेटाइटबद्दल काहीही माहीत असणं शक्य नव्हतं. त्याच्याजवळ फक्त स्वतःचं मोजमाप होतं, आणि ते त्यानं लाडक्या सिद्धांतासाठी वाकवलं नाही. त्याच्या तलवारीबद्दल मला आदर नाही. या वहीबद्दल आहे.

वसईत शिरताना म्हणूनच एकट्या सुईवर विसंबू नये. डावीकडे किल्ल्याचा तट आणि मागे तुंगारचा डोंगर यांच्यावर नजर ठेवून दिशा ताडून घ्यावी, जीपीएस हाताशी असला तरी. आतली वाट खांबांमधून जाते, आणि ती पाचूबंदरच्या कोळ्यांकडून आदल्या मुक्कामीच फोनवर विचारून घ्यावी.