अखेरचे षटक आणि आपला न्याय

संघाचा विजय अकरा जणांचा असतो आणि पराभव बहुधा एकट्याचा. आपल्या क्रिकेटप्रेमी समाजाचा हा जुना न्याय आहे. ५ जानेवारी २०२३ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे भारत आणि श्रीलंका यांच्यात झालेल्या वीस षटकांच्या सामन्यात त्याचा प्रत्यय पुन्हा आला. अर्शदीप सिंग या डावखुऱ्या तरुण गोलंदाजाने त्या दिवशी दोनच षटके टाकली. त्यांत पाच नो-बॉल पडले, त्यांपैकी तीन लागोपाठ, आणि ३७ धावा गेल्या. भारत तो सामना १६ धावांनी हरला. दोष कोणाचा हे ठरविण्यास याहून सोपे गणित कोणते हवे?

अशा पराभवानंतर गुलमंडीपासून औरंगपुऱ्यापर्यंत, शिक्षकांच्या खोलीत काय किंवा कचेरीतल्या मधल्या सुटीत काय, दोनच पक्ष दिसतात. एक म्हणतो, याला तत्काळ काढा. देशासाठी खेळणे म्हणजे शिकवणी नव्हे. दुसरा म्हणतो, पोर लहान आहे, सांभाळून घ्या. दोन्ही पक्षांत तथ्य आहे आणि दोन्ही पक्षांत आळसही आहे. पहिला पक्ष कामाचे स्वरूप पाहत नाही. दुसरा चुकीचे स्वरूप पाहत नाही.

आधी चुकीकडे पाहू. चांगल्या चेंडूवर षटकार बसणे आणि नो-बॉल पडणे या एका जातीच्या गोष्टी नव्हेत. षटकारात फलंदाजाच्या कौशल्याचा वाटा असतो. नो-बॉल मात्र गोलंदाजाने स्वतःच्या हाताने, खरे तर स्वतःच्या पायाने, प्रतिपक्षाला दिलेली देणगी असते. रेषा जागची हलत नाही, प्रेक्षकांचा गोंगाट तिला सरकवीत नाही. एक धाव फुकट, चेंडू पुन्हा टाकणे आणि पुढचा चेंडू फ्री हिट, एवढी किंमत संघाला मोजावी लागते. कर्णधार हार्दिक पंड्या यानेही सामन्यानंतर नो-बॉलला गुन्हाच म्हटले, ते अवाजवी नव्हते. आजारपणामुळे अर्शदीप मुंबईच्या पहिल्या सामन्याला मुकला होता, सराव तुटला होता, हे कारण समजून घेता येते. पण कारण म्हणजे क्षमापत्र नव्हे. तेव्हा टीका होणे योग्यच होते. प्रश्न टीका कशावर व्हावी, एवढाच आहे.

संकटकाळचा मजूर

आता कामाकडे पाहू. अमेरिकेच्या बेसबॉल खेळात चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू थकला, की त्याच्या जागी ताजा गडी आणतात. त्याला रिलीफ पिचर म्हणतात. शेवटच्या डावात आघाडी राखणे हेच ज्याचे काम, त्याने ते केले तर लोक घरी जातात. न केले तर त्याचे नाव वर्षानुवर्षे घेत राहतात. २००१ च्या वर्ल्ड सीरीजमध्ये अ‍ॅरिझोनाच्या संघाचा किम ब्युंग-ह्यून हा बावीस वर्षांचा कोरियन तरुण न्यूयॉर्कमध्ये लागोपाठ दोन रात्री असाच उभा होता. दोन्ही रात्री विजय एका गड्यावर आला असता त्याच्या चेंडूवर होमरन बसला, बरोबरी झाली आणि सामना पुढे हातचा गेला. तरीही त्याच्या संघाने ती मालिका जिंकली आणि पुढच्या हंगामात शेवटच्या डावाची जबाबदारी पुन्हा त्याच्याकडेच दिली. त्या हंगामात त्याने ३६ सामन्यांत संघाची आघाडी राखली.

आपल्या वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये अखेरच्या षटकांचा गोलंदाज हाच तो संकटकाळचा मजूर. फलंदाज बेभान, चेंडू ओला, सीमारेषा जवळ, आणि चुकीला दुरुस्तीची मुदत नाही. या कामाचे मोल दोन षटकांवरून करणे म्हणजे वर्षभराच्या अभ्यासाचा निकाल एका प्रश्नाच्या उत्तरावरून लावणे होय. गहुंजेच्या सामन्यापूर्वी जेमतेम दोन महिने आधी ऑस्ट्रेलियात झालेल्या विश्वचषकात याच अर्शदीपने दहा बळी घेतले होते. त्या रात्रीही ही नोंद उपलब्ध होती. ती पाहण्याची तसदी घेणारे थोडे होते.

जुन्या पिढीला १८ एप्रिल १९८६ चा शारजाचा सामना आठवत असेल. अखेरच्या चेंडूवर पाकिस्तानला चार धावा हव्या होत्या आणि जावेद मियाँदादने षटकार मारला. गोलंदाज चेतन शर्मा अवघा वीस वर्षांचा होता. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याने बर्मिंगहॅमच्या कसोटीत दहा बळी घेतले आणि १९८७ मध्ये आपल्या नागपुरात विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक नोंदविली. तरीही त्याचे नाव निघाले, की आजही आधी आठवतो तो शारजाचा चेंडू.

येथे एक पथ्य पाळले पाहिजे. अर्शदीपने डिसेंबर २०२३ मध्ये जोहान्सबर्गला ३७ धावांतच पाच बळी घेतले. २९ जून २०२४ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एकोणिसाव्या षटकात त्याने फक्त चार धावा दिल्या. म्हणून त्याला ठेवणे बरोबर ठरले, असे म्हणणे म्हणजे पुन्हा निकालावरून न्याय करणेच झाले. तो पुढे अपयशी ठरला असता, तरीही दोन षटकांवरून केलेला निवाडा उतावळाच राहिला असता.

आणि टीका माणसावर घसरली, की तिचा खेळाशी संबंध संपतो. सप्टेंबर २०२२ मध्ये दुबईत त्याच्या हातून एक झेल सुटला, तर लोकांनी थेट त्याच्या धर्मावर आणि देशनिष्ठेवर बोट ठेवले. त्याच सामन्यात सातच धावा हाताशी असताना त्याने अखेरचे षटक पाचव्या चेंडूपर्यंत लांबविले होते, याची आठवण कोणास राहिली नाही.

दुसरी संधी कोणाला?

पण पहिल्या पक्षाचा एक मुद्दा उरतोच. एकाला सांभाळून घ्यायचे, तर बाहेर वाट पाहणाऱ्याचे काय? हा प्रश्न आपल्या शहराने तरी हसण्यावारी नेऊ नये. येथेच जन्मलेला वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दिकी डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. त्याने एक बळी घेतला. विजयास पाच धावा हव्या असताना त्याला सलामीला पाठविले आणि त्या पाचही धावा त्याने काढल्या. ती त्याची पहिली कसोटी होती आणि शेवटचीही. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये तीनशेंवर बळी घेणाऱ्या या गोलंदाजाला दुसरा सामना मिळाला नाही. डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णीने १९९७ मध्ये कोलंबोला आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी मिळविला. त्यानंतर ७० षटके आणि १९५ धावा होईपर्यंत दुसरा मिळाला नाही. श्रीलंकेच्या ९५२ धावांच्या त्या डावात इतर गोलंदाजांनीही मारच खाल्ला होता. त्याची कसोटी कारकीर्द तीन सामन्यांत संपली.

म्हणजे धीर धरण्याचे धोरण आपल्याकडे आहे. ते सर्वांना सारखे लागू होत नाही, एवढेच. यावर उपाय अर्शदीपला काढणे हा नाही. उपाय हा, की संधी देतानाच ती किती सामन्यांची आहे हे निवड समितीने ठरवावे, त्या मुदतीत दोष सुधारण्यास शिक्षक द्यावा, आणि मुदत संपल्यावर एकाच मापाने सर्वांना मोजावे. नो-बॉल तर सरावातच, तालुक्याच्या मैदानावरही, पहिल्या दिवसापासून पुकारला गेला पाहिजे. जो दोष चौदाव्या वर्षी कोणी दाखविला नाही, तो चोविसाव्या वर्षी लाखोंसमोर उघडा पडतो, आणि तेव्हा शिक्षा एकट्या मुलाला होते.

मराठवाड्याला स्वतःचा रणजी संघ नाही. येथील मुलाला महाराष्ट्राच्या संघात जागा मिळवावी लागते, आणि ती मिळालीच तर एखाददुसऱ्या सामन्यावर टिकवावी लागते. त्याच्या त्या दोन षटकांकडे आपण कसे पाहणार आहोत, हे आपल्या हाती आहे. नवा शिक्षक, नवा कारकून, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी यांच्याबाबत जी सबुरी आपण मागतो, ती बावीस यार्डांवर उभ्या असलेल्या मुलालाही मिळावी. आणि त्याची चूक मात्र त्याला स्पष्ट शब्दांत सांगितली जावी.